योजना हस्तांतरित झाल्यानंतर : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र राज्य



१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के घरांत नळ होता. २०२५ उजाडेपर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आणि महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या पुढे राहिला. इतक्या थोड्या वर्षांत कोट्यवधी उंबऱ्यांपर्यंत जलवाहिनी नेणाऱ्या अभियंत्यांचे, मजुरांचे आणि ग्रामपंचायतींचे ऋण मान्य करूनच मी हे पत्र लिहीत आहे. मात्र केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली, तेव्हा भर नव्या नळांपेक्षा कामाच्या गुणवत्तेवर आणि देखभाल-दुरुस्तीवर देण्यात आला. त्याआधी, २०२२ मध्ये झालेल्या देशव्यापी कार्यक्षमता पाहणीत पूर्ण कार्यक्षम ठरलेल्या नळजोडण्या सुमारे ६२ टक्केच होत्या. पूर्ण कार्यक्षम म्हणजे पुरेसे, नियमित आणि पिण्यायोग्य पाणी देणारी जोडणी. नळ असणे आणि नळाला पाणी असणे यांतले हे अंतर कशामुळे पडते, या प्रश्नाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. त्याचे उत्तर सिमेंटच्या दर्जात किंवा पाइपच्या जाडीत शोधण्याची आपल्याला सवय आहे. तिथेही दोष सापडतात. तरी मूळ दोष व्यवस्थापनाचा आहे असे माझे म्हणणे आहे. बांधण्यासाठी आपण अभियंत्याला यंत्रणा, निधी आणि अधिकार देतो. चालवण्याच्या टप्प्यावर मात्र त्यालाच बाजूला काढतो आणि एक गुंतागुंतीचे यंत्र, ते चालवण्याची ऐपत नसलेल्या सर्वांत लहान घटकाच्या हाती सोपवतो.

जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागातल्या शाखा अभियंत्याच्या कामाचे स्वरूप पाहिले की हे लगेच लक्षात येते. अंदाजपत्रक तयार करणे, तांत्रिक मान्यता मिळवणे, निविदेची कागदपत्रे, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी, ठेकेदाराचे देयक, ॲपवर चढवायची छायाचित्रे, आठवड्याच्या आढावा बैठका आणि उन्हाळा लागला की टँकरचे प्रस्ताव हे सगळे त्याच्याकडे असते, आणि अशा अनेक योजना एकाच माणसाच्या अंगावर असतात. ज्या गोष्टींवर पाणी खरोखर अवलंबून असते त्यांतली जवळजवळ एकही त्याच्या हाती नसते. वीजजोडणी महावितरणची. टाकीची जागा कधी महसूल खात्याची, कधी वनखात्याची. उद्भवाला, म्हणजे पाण्याच्या स्रोताला, किती पाणी टिकेल हे सांगायचे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने. धरणातले आरक्षण जलसंपदा विभागाचे. निधीचा हप्ता केंद्र आणि राज्य यांच्या हिशेबावर ठरतो, आणि तो लांबला की ठेकेदार साहित्य उचलून निघून जातो. रस्ता रुंद करणारी यंत्रणा न विचारता चर खणते आणि जलवाहिनी तुटते. मग ती कुठून कुठे गेली आहे हे दाखवणारा, काम झाल्यावर प्रत्यक्षावरून काढलेला नकाशा कोणाच्याच कपाटात सापडत नाही. अशा स्थितीत अभियंत्याचे अर्धे कौशल्य इतर खात्यांकडून कामे करवून घेण्यात खर्च होते. महाविद्यालयात त्याला हे कोणी शिकवलेले नसते आणि नोकरीत त्याची नोंद कुठे होत नाही. एवढे करून योजना उभी राहिली, चाचणी झाली, त्रयस्थ संस्थेने तपासली, ग्रामसभेने 'हर घर जल'चा ठराव केला, की हस्तांतरणाच्या कागदावर सह्या होतात आणि त्याचा संबंध संपतो. पुढच्या तीस वर्षांसाठी आखलेल्या वाहिन्या आणि पंधरा वर्षांसाठी धरलेला पंप यांची जबाबदारी त्या दिवसापासून ग्रामपंचायतीकडे जाते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार अनेकदा किमान वेतनालाही पोहोचत नाही.

देखभालीची रचना बदलली की काय घडते याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागांत विंधन विहिरी खणण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. त्या पंपांची घडण एखाद्या घराच्या परसात दिवसाला चार बादल्या काढण्यासाठी होती. गावात ते दिवसभर शेकडो माणसे हापसत. सांधे झिजले, दांडे तुटले, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बसवलेल्यांपैकी बहुतेक पंप बंद पडलेले आढळले. यावरचा उपाय जालना आणि सोलापूर इथे सापडला. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या आणि विहीर-दुरुस्तीच्या कामातून पोलादी, कमी सांध्यांचे, स्थानिक कार्यशाळेत बनू शकणारे पंप तयार झाले. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनी ते ओळखले गेले. त्याच अनुभवाच्या पायावर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी 'इंडिया मार्क टू' घडवला. या पंपाचे यश सांगताना आपण सहसा त्याच्या आराखड्यावर थांबतो. त्याच्याबरोबर दोन गोष्टी आल्या आणि माझ्या मते त्यांचे मोल आराखड्याएवढेच आहे. पहिली म्हणजे मानकीकरण. भारतीय मानक ठरल्यामुळे कोणत्याही जिल्ह्यातला सुटा भाग कोणत्याही पंपाला बसू लागला. दुसरी म्हणजे तमिळनाडूत रुजलेली तीन स्तरांची देखभाल : गावात पंपाकडे लक्ष ठेवणारी एक व्यक्ती, तालुका पातळीवर यांत्रिक आणि जिल्ह्यात अवजारांसह फिरते पथक. पुढे 'मार्क थ्री'मध्ये उभी नळी रुंद केली, जेणेकरून सगळे पाइप न उपसता दट्ट्या वर काढून वॉशर बदलता यावा. म्हणजे दुरुस्ती कोण करणार, कुठल्या अवजारांनी आणि किती वेळात, हा विचार थेट आराखड्यात उतरला. आपल्या पंचायत समित्यांकडची हातपंप दुरुस्ती पथके याच विचारातून उभी राहिली. हातपंप बंद पडला तर कोणाला कळवायचे हे गावाला माहीत होते, आणि गाडी घेऊन येणारा यांत्रिक पगारी होता.

मंत्री महोदय, नळयोजना हातपंपापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. उद्भव विहीर, पंपघर, ऊर्ध्ववाहिनी, उंच टाकी, वितरण वाहिन्या, झडपा, निर्जंतुकीकरण आणि प्रत्येक घराची जोडणी यांतला एक दुवा निखळला तरी शेवटच्या आळीला पाणी मिळत नाही. विजेचा दाब खाली-वर झाला की मोटर जळते. मार्चनंतर विहिरीतली पातळी घसरली आणि पंप कोरडा चालला तरीही ती जळते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टच्या कातळावर आहे, त्यामुळे उद्भव आटणे ही आपल्याकडे अपवादाची घटना नाही. जळालेली मोटर काढून, तालुक्याला नेऊन, वाइंडिंग करून पुन्हा उतरवेपर्यंत गाव तहानलेले राहते, कारण पर्यायी मोटर ठेवलेली नसते. उंचावरच्या वस्तीला पाणी कमी येते म्हणून लोक नळाला थेट मोटर जोडतात, आणि त्यामुळे बाकीच्यांचा दाब आणखी घटतो. या सगळ्यावर तांत्रिक उत्तरे आहेत आणि ती महागही नाहीत : कोरड्या चालीपासून मोटर वाचवणारे उपकरण, झडपांचे ठरलेले वेळापत्रक, विभागनिहाय पाणी मोजणे. मात्र ही उत्तरे लावायला जाणता माणूस लागतो. साध्या हातपंपासाठी आपण तीन स्तर उभे केले आणि त्याहून कितीतरी अवघड नळयोजनेसाठी मधला स्तरच काढून टाकला, हे मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत खेदजनक वाटते.

यावर लगेच म्हटले जाते की खरा प्रश्न पैशाचा आहे, गावे पाणीपट्टी भरत नाहीत, मग कोणतीही रचना टिकणार कशी? त्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. गृहीत धरा की गाव २,००० लोकवस्तीचे, ४०० घरांचे आहे. माणशी ५५ लिटर या मापाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी हवे. ते एकूण ६० मीटर उंचीला चढवायचे आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर रोज सुमारे ३६ युनिट वीज लागते. महिन्याचे १,०८० युनिट झाले. युनिटला ६ रुपये मानले तर साडेसहा हजार रुपये. कर्मचाऱ्याला १२ हजार, टीसीएल पावडर आणि पाणी तपासणीला दीड हजार, दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला ठेवायचे सहा हजार. एकूण २६ हजार, म्हणजे घरामागे महिना ६५ रुपये. आता याच गावात ४० टक्के पाणी गळून जात असेल तर तेवढेच पाणी घरांपर्यंत पोहोचवायला १,८०० युनिट लागतील आणि घरटी आकडा ७६ वर जाईल. त्यात निम्म्याच घरांनी पट्टी भरली तर भरणाऱ्यांवर १५० रुपयांचा बोजा येईल, किंवा वीजबिल थकून जोडणी तुटेल, आणि जोडणी तुटली की भरणारेही भरायचे थांबतील. ६५ रुपये बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातले आहेत. त्यांचे १५० करणारी गळती आणि ढासळलेली वसुली ही दोन्ही चांगल्या व्यवस्थापनाने आवरता येतात.

आता हाच हिशेब कोकणातल्या किंवा सातपुड्यातल्या ६० घरांच्या वाडीला लावून पाहा. वीज हजार रुपयांच्या आत भागेल, पण कर्मचारी तोच, मोटरही जवळपास तशीच जळणार. १२ हजार पगार, चार हजार दुरुस्ती, पाचशे रुपये निर्जंतुकीकरण धरले तर घरामागे महिना २९० रुपयांच्या घरात खर्च जातो. तिथे वसुलीवर कितीही व्याख्याने दिली तरी काही होणार नाही, कारण घटकच फार लहान आहे. चार वाड्यांनी मिळून एक कर्मचारी ठेवला तर हाच आकडा निम्म्यावर येतो, आणि कुशल यांत्रिक व अभियंत्याचा खर्च पंधरा-वीस गावांत विभागला तर दर घराला तो जाणवेल-न जाणवेल इतका उरतो. सर्व वादाचा गाभा मला इथे दिसतो. मालकी गावाची असावी आणि कारभार गावाचा असावा, पण यंत्र चालवण्याचे कौशल्य गावागावात वेगळे उभे करता येत नाही.

इतर विकसनशील देशांतही हाच धडा मिळालेला आहे. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत सुमारे एक-तृतीयांश हातपंप बंद असल्याचे अंदाज २००९ च्या सुमारास पुढे आले, आणि समितीवर दुरुस्ती सोपवून निघून जाण्याची पद्धत हे त्यामागचे एक मोठे कारण मानले गेले. केनियातल्या कितुई परगण्यात पंपांवर संवेदक बसवून, ठराविक वर्गणीच्या बदल्यात दुरुस्तीची हमी देणारी व्यावसायिक सेवा सुरू झाली. तिथे पंप बंद राहण्याचा सरासरी काळ जवळपास महिन्यावरून तीन दिवसांच्या आत आला. ब्राझीलच्या कोरड्या सेआरा राज्यात १९९० च्या दशकापासून 'सिसार' नावाचे गावसंघांचे महासंघ काम करतात. रोजचे पाणी सोडणे आणि गावातला कारभार स्थानिक संघटनेकडे, तर मोठी दुरुस्ती, पाण्याची तपासणी, सुटे भाग आणि हिशेब महासंघाच्या पगारी तंत्रज्ञांकडे अशी विभागणी तिथे आहे. सेआराचा भूगोल आणि आपल्या मराठवाड्याची तहान यांत पुष्कळ साम्य आहे. या उदाहरणांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. दोन्हीकडे देखभाल हे कोणाचे तरी पूर्णवेळ, पगारी आणि मोजले जाणारे काम झाले, आणि फरक त्यामुळे पडला, एवढेच मला दाखवायचे आहे.

या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप घटनात्मक आहे आणि मी तो मनापासून मानतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी अकराव्या अनुसूचीत घालून ते पंचायतीच्या कक्षेत आणले. अभियंत्यांचे तालुका पथक म्हणजे तो अधिकार मागच्या दाराने काढून घेणे तर नव्हे? खात्याने चालवलेल्या प्रादेशिक योजनांचा अनुभव पाहता ही भीती निराधार नाही. पश्चिम विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच पिण्याजोगे नसल्यामुळे धरणावरून अनेक गावांची एकच योजना करणे अपरिहार्य ठरते, आणि अशा लांबलचक योजनांत शेवटच्या गावाचे दुखणे ऐकायला कोणी नसते ही तक्रार जुनी आहे. म्हणून दर किती ठेवायचा, पाणी कोणत्या वेळी सोडायचे, गरीब कुटुंबांना सवलत द्यायची का, हे निर्णय ग्रामसभेकडेच राहिले पाहिजेत. तालुका पथक गावाचे सेवक असेल, मालक नव्हे. ग्रामपंचायतीशी त्याचा लेखी करार असेल, मोटर बंद पडल्यापासून किती तासांत सुरू होईल हे त्यात लिहिलेले असेल, आणि तो काळ ओलांडला तर शुल्क कापण्याचा अधिकार गावाला असेल. हातात साधन नसताना जबाबदारी तेवढी दिलेली असेल, तर त्याला विकेंद्रीकरण म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : योजनेच्या ठेकेदारालाच पाच-दहा वर्षे देखभाल द्यावी, प्रश्न मिटेल. काही ठिकाणी याचा उपयोग होईल. पण बांधकामाचीच देयके वेळेवर न मिळणारा ठेकेदार देखभालीच्या छोट्या रकमांसाठी आडगावात माणूस ठेवील, हे मला संभवनीय वाटत नाही. शिवाय देखभालीचा ठेका तेव्हाच चालतो जेव्हा सेवा मोजली जाते. आज टाकीत किती पाणी चढले, शेवटच्या नळाला किती मिनिटे आले, त्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम होते का, याची दैनंदिन नोंद बहुतेक गावांत होत नाही. नोंद नसेल तर ठेकेदाराला दंड कशाच्या आधारे करणार, आणि चांगल्या ठेकेदाराला बक्षीस तरी कशाचे देणार? मोजणारा अभियंता आधी हवा, ठेका त्यानंतर.

लोक पाण्यासाठी पैसे देत नाहीत, हा समज मात्र मी सरळ नाकारतो. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. वापर वाढेल तसा दर चढता ठेवला, कमी वापरणाऱ्याला कमी पैसे पडतील याची काळजी घेतली. मलकापूर हे खेडे नव्हे आणि तिथली ऐपत वाडीवस्तीला नाही, हे खरे. पण दारात टँकरची वाट पाहणारी कुटुंबे खासगी टँकरला आणि जारच्या पाण्याला आजही किती पैसे मोजतात, हे उन्हाळ्यात कोणत्याही तालुक्यात दिसते. पैसे आहेत, ते अनिश्चित नळाकडे वळत नाहीत. पाणी आधी नियमित झाले पाहिजे, मग वसुली. त्या मधल्या दोन-तीन वर्षांची तूट शासनाने सोसावी. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो. त्यातून नव्या टाक्यांच्या आधी पर्यायी मोटरी आणि पगार व्हावेत.

खर्च वाढेल, नवी पदे मंजूर होणार नाहीत, हे वित्त विभाग म्हणेलच. त्यावर माझे उत्तर आपल्याच खात्याच्या इतिहासात आहे. १९७२-७३ च्या त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमापासून स्वजलधारा, जलस्वराज्य, राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आणि आता जल जीवन मिशन अशा लाटा एकाच गावावरून गेल्या आहेत. अनेक गावांत जुन्या योजनेची टाकी उभी असते आणि तिच्याशेजारी नवी बांधली जाते, कारण जुनी चालवता आली नाही. एकाच गावाला तीनदा भांडवली खर्च करणे हा देखभालीवर वाचवलेल्या पैशाचाच हिशेब आहे. तो फक्त वेगळ्या वर्षाच्या वेगळ्या शीर्षाखाली लिहिला गेल्यामुळे कोणाला दिसत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक पंचायत समिती स्तरावर 'पाणी चालवणारा' म्हणून एक अभियंता नेमावा, त्याच्याकडे बांधकामाची एकही निविदा देऊ नये, आणि त्याच्या कामाचे मोजमाप बंद पडलेल्या तासांवर व्हावे. त्याच्यासोबत विद्युत आणि जोडारी कामाचे यांत्रिक, एक गाडी आणि तालुक्यातल्या प्रचलित क्षमतेच्या मोटरींचा राखीव साठा असावा. हातपंप दुरुस्ती पथकांतली जुनी माणसे यात सामावून घेता येतील. वाहिन्यांचा प्रत्यक्ष नकाशा आणि झडपांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण मानू नये, आणि ठेकेदाराचे शेवटचे देयक त्याच अटीवर द्यावे. रस्त्याचे काम करणाऱ्या यंत्रणेने चर खणण्यापूर्वी त्या नकाशावर सही करावी. उद्भवाची पातळी महिन्यातून एकदा मोजून भूजल यंत्रणेकडे जावी, म्हणजे टँकरचा प्रस्ताव एप्रिलमध्ये घाईने लिहिण्याची वेळ येणार नाही, जानेवारीतच तयारी होईल. आणि एखाद्या गावाला सलग किती दिवस पाणी आले नाही हा आकडा आपल्या आढावा बैठकीत नळजोडण्यांच्या टक्केवारीच्या आधी वाचला जावा. कनिष्ठ अभियंत्याला वरिष्ठ काय विचारतात यावरून त्याचा दिवस ठरतो, त्यामुळे हा छोटा बदल बरेच काही हलवील.

हे राज्यभर एकदम करण्याची गरज नाही. कोकणातला एक डोंगराळ तालुका, खारपाणपट्ट्यातला एक आणि मराठवाड्यातला एक असे तीन तालुके निवडून येत्या उन्हाळ्याच्या आधी सुरुवात करता येईल. तिन्ही ठिकाणच्या गावनिहाय नोंदी, वीजबिले आणि वसुलीचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, म्हणजे या पत्रातला माझा हिशेब कुठे चुकतो आहे हेही लोकांना तपासता येईल.

कळावे.

आपला विश्वासू,
ग्रामीण पाणीपुरवठ्याचा एक अभ्यासक